जुन्या फोटोंतले अपरिचित लकोटा नेते कसे ओळखायचे

लकोटा म्हणजे अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी, इंग्रजी कागदांत 'सिऊ'. त्यांचा जुना फोटो हाती लागला की बहुतेक जण आधी चेहरा बघतात आणि मग तसाच दुसरा चेहरा नेटवर शोधत बसतात. पहिली चूक इथेच होते. सिटिंग बुल, रेड क्लाउड, स्पॉटेड टेल अशा मोजक्या नावांभोवती फोटोंचा बाजार उभा राहिला. त्याच बाजारात लिटल वुंड, ही डॉग (He Dog), स्विफ्ट बेअर, बिग रोड यांच्यासारखे नेते एकतर निनावी राहिले किंवा कुणा प्रसिद्ध माणसाच्या नावाने विकले गेले. फोटोखालची ओळ म्हणजे पुरावा नव्हे. तो कुणीतरी कधीतरी केलेला दावा असतो. तो कुणी केला आणि फोटो काढल्यावर किती वर्षांनी केला, हे आधी शोधायचं.

या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी बैठक, मग माणूस. बैठक म्हणजे एका फोटोग्राफरने एका जागी, एक-दोन दिवसांत काढलेल्या फोटोंचा संच. बैठक सापडली की तारीख आणि जागा मिळते, आणि त्या दिवशी तिथे कोण-कोण हजर होतं याची यादीही बऱ्याचदा मिळते. मग हजारो माणसांतून एक शोधायचा नसतो, दहा-वीस नावांतून निवडायचा असतो.

हाताशी काय हवं

- १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि मिलिमीटरची पट्टी.
- मूळ फोटो जवळ असेल तर फ्लॅटबेड स्कॅनर. ६०० डीपीआयने, लहान फोटो असेल तर १२०० डीपीआयने, टिफ फाइल करा. मागची बाजूही स्कॅन करा.
- अतिनील प्रकाशाचा साधा टॉर्च.
- एक स्प्रेडशीट. त्यात रकाने असे: फोटो कुठे आहे, क्रमांक, फोटोग्राफर, पुठ्ठ्यावरचा छापील मजकूर, हाताने लिहिलेला मजकूर, दावा कुणाचा, दाव्याचं वर्ष, तुमचा निष्कर्ष.
- नावांच्या सगळ्या रोमन स्पेलिंगांची यादी. कॅटलॉग रोमन लिपीतच शोधावे लागतात आणि एकाच लकोटा नावाची चार-पाच स्पेलिंगं सहज सापडतात.

मूळ फोटो जवळ नसला तरी अडत नाही. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, अमेरिकेची नॅशनल आर्काइव्ह्ज, स्मिथसोनियनच्या नॅशनल अँथ्रोपोलॉजिकल आर्काइव्ह्ज, डेन्व्हर पब्लिक लायब्ररी आणि नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का या राज्यांच्या इतिहास संस्था यांचे कॅटलॉग ऑनलाइन आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसवर बऱ्याच फोटोंची मोठी टिफ फाइल फुकट उतरवता येते. पुण्यात किंवा नाशकात बसूनही हे काम करता येतं. फक्त सोशल मीडियावर फिरणारी प्रत घेऊन सुरुवात करू नका.

१. समोर आहे ते मूळ की नक्कल, हे ठरवा

एकाच निगेटिव्हवरून पन्नास वर्षं प्रती निघत राहिल्या आहेत, आणि प्रतीची नक्कल, नकलेची नक्कल असंही झालं आहे. प्रत्येक पायरीला बारकावे जातात आणि नवी ओळ चिकटते. फोटोवर अतिनील प्रकाश टाका. कागद निळसर-पांढरा चकाकला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत, म्हणजे तो साधारण १९५० नंतरचा कागद. अशा प्रतीवरची शाईची ओळ एकोणिसाव्या शतकातली असणं शक्यच नाही.

रंगवलेल्या किंवा एआयने 'स्वच्छ' केलेल्या प्रती तर ओळखीसाठी वापरूच नका. असं सॉफ्टवेअर नसलेले बारकावे स्वतः भरतं: पापण्या, सुरकुत्या, कानाची कड. ज्या गोष्टी तुम्हाला तपासायच्या असतात, त्याच ते बदलून टाकतं.

नोटांवरची आणि तिकिटांवरची चित्रंही पुरावा म्हणून चालत नाहीत. १८९९ च्या पाच डॉलरच्या नोटेवर हंकपापा शाखेचे (शाखा पुढे पाचव्या भागात आहेत) नेते रनिंग अँटिलोप आहेत. चित्राचा आधार फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरने १८७२ साली काढलेला फोटो, पण कोरताना डोक्यावरचा पिसांचा साज बदलला गेला. १९२३ च्या १४ सेंटच्या तिकिटावर सिचांगू शाखेचे नेते हॉलो हॉर्न बेअर आहेत. दोन्ही ठिकाणी मूळ फोटो गाठा आणि तोच वापरा.

२. पुठ्ठा मोजा आणि वाचा

फोटो ज्यावर चिकटवला आहे त्या पुठ्ठ्याचं माप काळ सांगतं. साधारण ६४ × १०० मिमी म्हणजे कार्त-द-व्हिजित, अमेरिकेत १८६० च्या दशकात भरात असलेला प्रकार. साधारण १०८ × १६५ मिमी म्हणजे कॅबिनेट कार्ड, जे १८७० च्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. ८९ × १७८ मिमीच्या पुठ्ठ्यावर दोन जवळजवळ सारखी चित्रं शेजारी-शेजारी असतील तर तो स्टिरिओ व्ह्यू. पुठ्ठ्याला किंचित बाक असेल तर तो १८८० च्या आसपासचा किंवा नंतरचा. मागे सरकारी कराचं तिकीट चिकटवलेलं असेल तर प्रत सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांत विकली गेली, कारण फोटोंवरचा तो कर तेवढाच काळ होता.

आता सापळे.

पुठ्ठ्यावर नाव असलेला माणूस फोटोग्राफर असेलच असं नाही. डेव्हिड बॅरी याने ऑर्लंडो गॉफचा स्टुडिओ आणि निगेटिव्ह घेतल्या, म्हणून गॉफने काढलेले फोटो बॅरीच्या छापासह सापडतात. त्यात बॅरी पुढे विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावी गेला आणि तिथून जुन्या निगेटिव्हवरून प्रती विकत राहिला. म्हणजे 'सुपीरियर' असा पत्ता असलेल्या कार्डावर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, डकोटात काढलेला फोटो असू शकतो. पत्ता प्रतीचा काळ सांगतो, फोटोचा नाही.

कॉपीराइटचं वर्षही असंच फसवतं. फोटोग्राफर फ्रँक राइनहार्टच्या ओमाहा शहरातल्या मालिकेत १८९८ साली काढलेल्या बऱ्याच फोटोंवर १८९९ चा कॉपीराइट आहे. वर्ष छापलेलं दिसलं म्हणून ते तसंच तारखेच्या रकान्यात भरू नका.

निगेटिव्हवर कोरलेला मजकूर आणि कार्डावर पेनने लिहिलेला मजकूर यांत फरक करा. निगेटिव्हवर कोरलेले क्रमांक आणि नावं (राइनहार्ट, ग्रॅबिल यांच्या फोटोंत तळाशी पांढऱ्या अक्षरांत दिसतात) फोटोग्राफरच्या दुकानातून आलेली असतात, म्हणून जास्त वजनाची. पेनची ओळ कुणा संग्राहकाने तीस वर्षांनी लिहिलेली असू शकते.

३. बैठक शोधा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथे घाई करू नका.

लकोटा नेत्यांचे फोटो मुख्यतः तीन प्रसंगी निघाले: वॉशिंग्टनला गेलेली शिष्टमंडळं, सरकारी एजन्सी (रिझर्व्हेशन, म्हणजे लकोटांसाठी राखलेला मुलूख, सांभाळणारं कार्यालय) आणि लष्करी ठाणी, आणि प्रदर्शनं किंवा वाइल्ड वेस्ट शो. आधी तुमचा फोटो यातल्या कुठल्या गटातला हे ठरवा.

शिष्टमंडळांची प्रमुख वर्षं पाठ असावीत: १८७०, १८७२, १८७५, १८७७, १८८८, १८९१. १८७० साली रेड क्लाउडने फोटो काढू दिला नाही. त्याचे पहिले फोटो १८७२ चे, ब्रेडी आणि गार्डनरच्या स्टुडिओंतले. त्यामुळे '१८७० चा रेड क्लाउड' अशी ओळ दिसली की ती चुकीची समजा. १८७७ चं शिष्टमंडळ नवख्यांनी अभ्यासायला उत्तम, कारण त्यात ही डॉग, लिटल बिग मॅन, बिग रोड, टच द क्लाउड्स, थ्री बेअर्स असे कमी परिचित नेते होते आणि ब्रेडीच्या स्टुडिओत त्यांचे फोटो निघाले. १८८८ साली सिऊ जमीन कायद्याच्या वाटाघाटींसाठी मोठं शिष्टमंडळ गेलं, आणि १८९१ च्या फेब्रुवारीत वुंडेड नीच्या हत्याकांडानंतर (डिसेंबर १८९०, सैन्याने लकोटांना मारलं) आणखी एक. या दोन्ही वेळचे सी. एम. बेलचे फोटो मिळतात.

एजन्सीवरचे फोटोग्राफर जागेवरून ओळखू येतात. गार्डनर १८६८ च्या वसंतात फोर्ट लॅरमीला होता. ओल्ड मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेसचा चिलीम ओढतानाचा फोटो तिथलाच. यँक्टनचा स्टॅन्ली मॉरो मिसूरी नदीकाठच्या एजन्सींवर फिरला. १८७७ साली रेड क्लाउड आणि स्पॉटेड टेल एजन्सींवर डी. एस. मिचेल आणि सू सिटीचा जेम्स हॅमिल्टन यांनी काम केलं. फोर्ट कीओला एल. ए. हफमन, स्टँडिंग रॉकला गॉफ आणि बॅरी. सिटिंग बुल आणि त्याचे लोक फोर्ट रँडलला कैदेत असताना १८८२ साली बेली, डिक्स आणि मीड यांनी स्टिरिओ मालिका काढली. रोझबडला १८८० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं जॉन अँडरसन होता. डेडवुडचा ग्रॅबिल आणि शॅड्रनचा ट्रेगर यांचे १८९०-९१ च्या हिवाळ्यातले फोटो वुंडेड नीशी जोडलेले आहेत.

प्रदर्शनांत मुख्य बैठक ओमाहाची, १८९८. राइनहार्टच्या नावावर असलेले तिथले बरेचसे फोटो प्रत्यक्षात त्याचा सहकारी अडॉल्फ म्यूर याने काढले. त्याच वर्षी न्यू यॉर्कला गर्ट्रूड केझेबियरने बफेलो बिलच्या शोमधल्या लकोटा पुरुषांचे फोटो काढले.

बैठक पक्की करायला पार्श्वभूमी वापरा. रंगवलेल्या पडद्यावरची झाडाची फांदी, कठड्याची नक्षी, खुर्चीच्या हाताचं कोरीव काम, जमिनीवरच्या गालिचाची आकृती, नकली दगड. फोटोच्या कडा भिंगाखाली बघा, चेहरा झाकून ठेवा. खुर्ची आणि गालिचा जुळणारे आणखी चार फोटो मिळाले आणि त्यांतल्या एकावर खात्रीची तारीख असली, तर तुमचाही फोटो त्याच काळाच्या आसपासचा. एक सावधगिरी: पडदे विकले जात आणि एकाच नमुन्याचे दोन स्टुडिओंत असू शकत. पडदा एकटा पुरेसा नाही. पडदा, खुर्ची आणि गालिचा तिन्ही जुळले तर चालेल.

४. कपड्यांवरून माणूस ओळखू नका

स्टुडिओत सदरे, चिलमी, पिसांचे साज ठेवलेले असत आणि एकामागोमाग वेगवेगळ्या माणसांना घातले जात. एकच मणीकाम केलेला सदरा तीन नेत्यांच्या अंगावर दिसला तर त्याचा अर्थ तीन फोटो एकाच स्टुडिओतले. त्याहून जास्त काही नाही. बैठक शोधायला सदरा उपयोगी, माणूस ओळखायला नाही.

काही वस्तू मात्र 'यापूर्वीचा नाही' एवढं सांगतात. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या नावे दिली जाणारी शांतिपदकं बघा. ग्रँटच्या काळातलं पदक गोल, १८७१ चं. हेजच्या काळापासून, म्हणजे १८७७ नंतर, पदक लंबगोल झालं. लंबगोल पदक दिसलं की फोटो १८७७ च्या आधीचा नाही. उलट दिशेने हा तर्क चालत नाही: वडिलांचं गोल पदक मुलगा तीस वर्षांनी घालू शकतो. छातीवरच्या लांब नळ्यांच्या पट्टीतल्या नळ्या १८८० च्या आधी शंखाच्या, नंतर सर्रास हाडाच्या. रिझर्व्हेशन पोलिसांचा गणवेश किंवा बिल्ला १८७८ नंतरचा. कापलेल्या केसांचे पुरुष १९०० च्या आसपास जास्त दिसू लागतात. १९०२ साली सरकारने केस कापण्याचा आदेशच काढला होता.

रंगांबद्दल एक तांत्रिक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. १८८० पर्यंतच्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या, निगेटिव्ह काचेला निळा रंग जवळजवळ पांढरा दिसतो आणि लाल रंग काळा. निळ्या मण्यांची पट्टी पांढरी दिसते, चेहऱ्यावरचा लाल रंग काळ्या डागासारखा. एकच सदरा १८७२ च्या आणि १८९८ च्या फोटोत वेगळा वाटू शकतो, आणि 'चेहऱ्यावर काळा डाग असलेला नेता' बहुतेक वेळा लाल रंग लावलेला माणूस असतो.

डावं-उजवंही तपासा. टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, आरशातल्यासारखा उलटा असतो. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापलेल्या प्रतीही बऱ्याच आहेत. पदकावरची अक्षरं, कोटाची बटणं, बंदुकीचा घोडा यांवरून कळतं. गालावरचा व्रण कुठल्या बाजूला आहे यावर निष्कर्ष काढण्याआधी हे करायलाच हवं.

५. शाखा आणि एजन्सी जुळवा

लकोटांच्या सात शाखा: ओग्लाला, सिचांगू म्हणजे ब्रूले, हंकपापा, मिनिकोंजू, इताझिपचो म्हणजे सान्स आर्क, ओओहेनुंपा म्हणजे टू केटल, आणि सिहासापा. सिहासापांना इंग्रजी कागदांत 'ब्लॅकफीट सिऊ' म्हटलं जातं. मोंटानातले ब्लॅकफीट हे अगदी वेगळे लोक आहेत आणि कॅटलॉगांत दोन्हींची सरमिसळ झालेली आढळते.

ढोबळ मानाने पाइन रिजवर ओग्लाला, रोझबडवर सिचांगू, स्टँडिंग रॉकवर हंकपापा आणि सिहासापा, शायेन रिव्हरवर मिनिकोंजू, इताझिपचो, ओओहेनुंपा आणि काही सिहासापा. फोटो रोझबडचा आणि नाव हंकपापा नेत्याचं, असं आलं की थांबा. अशक्य नाही, पण कारण सापडायला हवं.

एजन्सीची नावं आणि जागा बदलत गेल्या. रेड क्लाउड एजन्सी १८७३ पर्यंत प्लॅट नदीवर, नंतर १८७७ पर्यंत व्हाइट नदीवर कॅम्प रॉबिन्सनजवळ होती. ओग्लालांची पाइन रिज एजन्सी १८७८ पासून. 'पाइन रिज, १८७५' अशी ओळ असेल तर तारीख किंवा जागा, काहीतरी एक नंतर जोडलेलं आहे.

६. एकाच नावाची माणसं वेगळी करा

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. शिकायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ओमाहात फ्रँक करियरने १८७५ साली काढलेला फोटो. त्यात पाच जण आहेत: व्यापारी आणि दुभाषा ज्युलियस मायर आणि चार लकोटा. ओळीत नावं दिसतात रेड क्लाउड, स्पॉटेड टेल, स्विफ्ट बेअर आणि सिटिंग बुल. हा फोटो 'लिटल बिगहॉर्नच्या (१८७६ ची लढाई) आधीचा सिटिंग बुल' म्हणून असंख्य ठिकाणी छापला गेला आहे.

आता क्रमाने तपासा. वर्ष १८७५, जागा ओमाहा, प्रसंग ब्लॅक हिल्स या डोंगराळ मुलखाबद्दलच्या वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनला गेलेलं शिष्टमंडळ. हंकपापा सिटिंग बुल त्या काळात एजन्सीपासून दूर, पश्चिमेकडच्या शिकारीच्या प्रदेशात होता आणि असल्या वाटाघाटींत सामील व्हायला त्याचा ठाम नकार होता. तो शरण आला जुलै १८८१ मध्ये फोर्ट ब्यूफर्डला, आणि त्याचा पहिला फोटो त्यानंतर बिस्मार्कला गॉफने काढला. म्हणजे १८७५ च्या ओमाहात तो असूच शकत नाही. मग हा कोण? शिष्टमंडळाच्या नावांत रेड क्लाउड एजन्सीचा ओग्लाला सिटिंग बुल सापडतो, हा वेगळा माणूस. डिसेंबर १८७६ मध्ये टंग नदीवरच्या लष्करी छावणीजवळ बोलणी करायला गेला असताना सैन्यासाठी टेहळणी करणाऱ्या क्रो जमातीच्या माणसांनी त्याला मारलं. फोटोतली ओळ खोटी नव्हतीच. नाव बरोबर होतं, माणूस दुसरा होता. आणि स्वतःच्या लोकांसाठी वाटाघाटी करणाऱ्या एका नेत्याचा चेहरा त्यामुळे दुसऱ्याच्या नावाखाली झाकला गेला.

अशा आणखी जोड्या लिहून ठेवा:

- अमेरिकन हॉर्स. थोरला सप्टेंबर १८७६ मध्ये स्लिम ब्यूट्सला जखमी होऊन वारला. धाकटा ओग्लाला नेता १९०८ पर्यंत जगला आणि त्याचे फोटो भरपूर आहेत. १८७६ नंतरचा कुठलाही फोटो थोरल्याचा नाही.
- शॉर्ट बुल. सिचांगू आर्नल्ड शॉर्ट बुल हा घोस्ट डान्स या धार्मिक चळवळीचा नेता. ओग्लाला ग्रँट शॉर्ट बुल हा ही डॉगचा भाऊ. विक्रेते सरसकट पहिल्याचं नाव लावतात.
- स्पॉटेड एल्क. वुंडेड नीला २९ डिसेंबर १८९० रोजी मारला गेलेला मिनिकोंजू नेता, जो बिग फूट नावाने ओळखला जातो. या नावाची माणसं इतर शाखांतही होती, त्यामुळे १८९० नंतरच्या फोटोवर हे नाव दिसलं तर तो माणूस बिग फूट नाही.
- स्टँडिंग बेअर. १८७९ च्या ओमाहातल्या खटल्याचा स्टँडिंग बेअर पोंका जमातीचा होता, लकोटा नव्हे. लकोटांत याच नावाची एकाहून जास्त माणसं आहेत.
- बाप आणि मुलगा. ओल्ड मॅन आणि यंग मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेस. रेड क्लाउड आणि जॅक रेड क्लाउड. ओमाहाच्या प्रदर्शनाच्या काळातला धडधाकट मध्यमवयीन 'रेड क्लाउड' दिसला तर तो बहुधा मुलगा. वडील तेव्हा म्हातारे आणि जवळजवळ आंधळे झाले होते.

क्रेझी हॉर्स या प्रसिद्ध ओग्लाला नेत्याचा म्हणून कुणी फोटो दाखवला तर एवढंच सांगा: सर्वमान्य असा एकही फोटो अस्तित्वात नाही. त्याच्या मृत्यूनंतर ग्रीझिंग हँड नावाच्या माणसाने त्याच्या विधवेशी लग्न करून तेच नाव घेतलं होतं, आणि पाइन रिजचे त्याचे फोटो मूळ क्रेझी हॉर्सचे म्हणून फिरतात. तिथे वेळ घालवू नका. तेवढ्या वेळात दोन निनावी नेत्यांना नाव मिळेल.

७. कागदपत्रांशी ताडून बघा

संभाव्य नावं पाच-सहावर आली की कागदांकडे वळा. क्रम असा ठेवा:

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाच्या, १८७६ च्या ब्लॅक हिल्स कराराच्या आणि १८८९ च्या जमीन कराराच्या सह्या. तिन्हींत शाखेनुसार किंवा एजन्सीनुसार नावं आहेत. १८८९ ची यादी सिनेटच्या दस्तऐवजांत छापलेली आहे आणि कमी परिचित माणसांसाठी सोन्याची खाण आहे, कारण तिच्यात हजारो प्रौढ पुरुषांची नावं आहेत.

जनगणनेच्या याद्या. १८८४ च्या कायद्याने प्रत्येक एजंटला दरवर्षी यादी करावी लागे. १८८५ ते १९४० च्या याद्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या एम५९५ या ६९२ रिळांच्या मायक्रोफिल्म संचात आहेत. लकोटा नाव, इंग्रजी नाव, वय, कुटुंबातलं नातं असे रकाने असतात. एकाच एजन्सीवर एका नावाची दोन माणसं असतील तर इथे लगेच दिसतं. वयावर फार विसंबू नका, लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच माणसाचं वय पाच वर्षांनी पुढे-मागे झालेलं सापडतं. बायको-मुलांच्या नावांवरून माणूस पक्का करा.

शरणागतीच्या नोंदी. १८७७ च्या रेड क्लाउड एजन्सीच्या नोंदवहीत घरटी प्रमुखाचं नाव आणि माणसांची संख्या आहे. १८८१ ला सिटिंग बुलबरोबर आलेल्यांचीही वेगळी गणना झाली.

जुनी वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिक्लिंग अमेरिका संग्रहात फुकट शोधता येतात. शिष्टमंडळ शहरात आलं की स्थानिक पत्रं नावांची यादी छापत, कधी फोटोग्राफरकडे गेल्याची बातमीही. इंग्रजी भाषांतरं वार्ताहरागणिक बदलतात, म्हणून नावाऐवजी दुभाषाच्या किंवा हॉटेलच्या नावाने शोधलं तर जास्त हाती लागतं.

विल्यम हेन्री जॅक्सनने हेडन सर्वेक्षण या सरकारी भू-सर्वेक्षणासाठी १८७७ साली छापलेला फोटोंचा वर्णनात्मक कॅटलॉगही बघा. तोपर्यंतच्या वॉशिंग्टनच्या निगेटिव्हांची नावं त्यात क्रमांकासह आहेत, आणि नंतरच्या कुठल्याही ओळीपेक्षा ती बैठकीच्या जवळची आहेत. एकाच निगेटिव्हला १८७७ मध्ये एक नाव आणि १९३० मध्ये दुसरं असेल तर आधीचं धरून चाला, नंतरच्याला कारण मागा.

८. चेहरा आता बघा

इतकं झाल्यावर चेहऱ्याची तुलना अर्थपूर्ण होते. ज्याची ओळख खात्रीची आहे असा किमान एक फोटो हवा, शक्यतो दोन, आणि वयात दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर नसलेले. डोकं एकाच कोनात असलेले फोटोच शेजारी ठेवा. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर दोन्हींत सारखं करून घ्या आणि मग नाकाचा तळ, ओठांची रेघ, हनुवटी कुठे येते ते बघा.

कान विश्वासार्ह असतो, विशेषतः वरची वळलेली कड आणि आतली घडी. कानाची पाळी मात्र नाही, कारण जड डुलांनी ती वर्षागणिक लांबते. सुरकुत्याही सोडून द्या, स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून त्या पुसत. फोनमधल्या चेहरा जुळवणाऱ्या अॅपचा निकाल पुरावा म्हणून कुठेही लिहू नका. जुन्या भिंगांची विकृती आणि डोक्यावरची पिसं यांनी ती सहज चकतात.

चेहरा 'नाही' म्हणायला चांगला, 'हो' म्हणायला कच्चा. कानाची घडी वेगळी दिसली तर नाव बाद करा. जुळली तर फक्त यादीत ठेवा.

९. निष्कर्ष पायरीसह लिहा

तीन पायऱ्या पुरतात. निश्चित: बैठकीच्या काळातली लिखित ओळ आणि स्वतंत्र कागदी नोंद दोन्ही जुळतात. संभाव्य: बैठक पक्की, चेहरा जुळतो, पण त्या काळची ओळ नाही. दावा: फक्त नंतरची ओळ. 'अज्ञात ओग्लाला पुरुष, ब्रेडी स्टुडिओ, १८७७' ही नोंद पूर्णपणे आदरणीय आहे. अंदाजाने नाव लावण्यापेक्षा ती कितीतरी चांगली, कारण चुकीचं नाव एकदा कॅटलॉगात गेलं की तिथून उपटणं फार अवघड.

नोंदीत लकोटा नाव, इंग्रजी नाव, शाखा, एजन्सी, बैठक, पायरी आणि बाद केलेली नावं कारणांसह लिहा. बाद केलेली नावं लिहिली नाहीत तर पुढचा माणूस तेच काम पुन्हा करतो.

१०. वंशजांना विचारा, आणि कुठे थांबायचं ते समजून घ्या

ही माणसं कुणाची तरी आजे-पणजे आहेत, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आजही पाइन रिज, रोझबड, स्टँडिंग रॉक, शायेन रिव्हरवर राहतात. ओग्लाला लकोटा कॉलेज, रोझबडचं सिंते ग्लेस्का विद्यापीठ, फोर्ट येट्सचं सिटिंग बुल कॉलेज आणि प्रत्येक जमातीचं वारसा जतन कार्यालय इथे पत्र लिहिता येतं. फोटोची छोटी प्रत, तुमची नोंद आणि एकच नेमका प्रश्न पाठवा. 'हे कोण?' असं मोघम विचारण्यापेक्षा 'ही बिग रोडची १८७७ ची बैठक वाटते, कुटुंबाकडे याचं दुसरं नाव आहे का?' असं विचारलं तर उत्तर यायची शक्यता वाढते. वाट बघायची तयारी ठेवा.

कुटुंबाची आठवण आणि कागद वेगळं सांगत असतील तर दोन्ही नोंदवा, कुणाचं काय ते स्पष्ट लिहून. एकाने दुसऱ्याला पुसू नका.

वुंडेड नीनंतर बर्फात पडलेल्या मृतांचे फोटो आणि विधींचे फोटो पुन्हा पसरवू नका. त्यांतली ओळख पटली तर ती फक्त संग्रहालयाला आणि जमातीच्या कार्यालयाला कळवा. बाकी फोटोंच्या दुरुस्त्या ज्या संस्थेकडे मूळ प्रत आहे तिला पाठवा: कॅटलॉग क्रमांक, सध्याची ओळ, सुचवलेली ओळ, पायरी आणि पुराव्याचे स्कॅन, एवढं एका पानात. मोठ्या संस्थांच्या फोटोपानावर अभिप्राय पाठवायची सोय बहुधा असते. नसेल तर प्रिंट्स आणि फोटो विभागाच्या संदर्भ कक्षाला ईमेल करा.